एवांथियाकाकूंची दालचिनी

"अरे स्ट्रातिस, ट्रे काढतोयस की वासानंच पोट भरतोयस?" तासुलाकाकू बाबांवर ओरडल्या आणि भट्टीसमोरची अख्खी रांग हसली.

मी हसले नाही. मी बाबांच्या हातांकडे बघत होते.

पंधरा ऑगस्ट, मारियामातेचा सण. दोन आठवड्यांचा उपास सुटायचा, म्हणून सगळ्या बायका चर्चमधून थेट बाबांच्या भट्टीवर आल्या होत्या. घराघरातला मुसाका आमच्याकडेच भाजला जातो. खाली वांगी, मध्ये खिमा, वर पांढरा सॉस. सगळे ट्रे जुळ्या भावंडांसारखे! तरी बाबांनी आजवर एकही चुकवला नव्हता.

आणि बाबांना दिसत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. जूनमध्ये ते खुंटीवरच्या माझ्या ॲप्रनला म्हणाले होते, "मिर्सिनी, पाणी आण गं." मी त्यांच्या मागे उभी होते! तेव्हापासून मीच त्यांचे डोळे. पण आज मी चर्चमध्ये गायला गेले, पहिल्यांदाच एकटीनं गाणार म्हणून, काय तोऱ्यात! आणि सकाळी ट्रे बाबांनी एकट्यानं घेतले; कुठला कुणाचा, हे मी पाहिलंच नाही. गावाला कळलं, तर धगधगत्या भट्टीपुढे त्यांना कोण उभं राहू देईल?

बाबा वाकायचे, खोल श्वास घ्यायचे. खाली भाजका बटाटा, म्हणजे तासुलाकाकू. बकरीचं मटण आणि पुदिना, म्हणजे डोंगराकडची मारिगो. दालचिनी असली की एवांथियाकाकू. त्यांच्या आजेसासू ती चव घेऊन समुद्रापलीकडच्या स्मिर्नाहून जीव वाचवून आल्या होत्या.

शेवटी दोन ट्रे उरले. बायकाही दोनच, शाळेतल्या नव्या बाई आणि एवांथियाकाकू. बाबांनी एकाचा वास घेतला. दुसऱ्याचा घेतला. पुन्हा पहिल्याचा. त्यांचा हात हवेतच थांबला.

"दालचिनी..." ते पुटपुटले.

रांगेतलं हसू विझलं. "काय झालं रे?" तासुलाकाकू परत वळल्या. मलाही ट्रे ओळखता येईना!

काळ्या कपड्यातल्या एवांथियाकाकू पुढे आल्या. बाबांच्या डोळ्यांत त्यांनी नीट पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"यंदा नाही घातली," त्या म्हणाल्या. "खाणारा नवराच एप्रिलमध्ये गेला. मला ती मेली कधी आवडलीच नाही." मग आवाज खाली आणून, "डावीकडचा, स्ट्रातिस."

बाबांनी डावीकडचा उचलला.

पुढचा आठवडाभर दार वाजलं की बाबांच्या आधी मीच धावायचे. आता कोणीतरी येणार, भट्टी बंद करा म्हणणार. कोणी आलं नाही.

रविवारी फळीवर एक ट्रे कुणीतरी न बोलता ठेवला. छोटासा, एका माणसापुरता. बाबा वाकले, श्वास घेतला, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"दालचिनी," ते म्हणाले.