सोमवारची यादी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. माझ्यापुढे कोणी पाढे म्हणत नाही. सोलापुरातल्या एका पेठेत एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या दाराशी, डाव्या हाताला मी उभा असतो. माझ्यावर जे लिहिलं जातं तेच माझं आयुष्य. म्हणून गोष्टही तशीच सांगतो. आधी खडूची ओळ, मग माझं बोलणं.

आज नवीन आलेली पुस्तके : ४

ही माझ्यावरची पहिली ओळ. सिद्धप्पा सुतारांनी सागवानी फळ्या जोडून, रंधा मारून मला घडवलं. जुन्या सेलमधली काळी पूड आणि पानांचा रस घोटून त्यांनी मला रंग दिला. तीन हात दिले आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत माझ्याजवळ बिडी ओढत बसले. त्या दिवसांत लोक सायकल थांबवून मला वाचत. एका पायावर उभं राहून, ओठ हलवत वाचत.

वाचनालय आज बंद राहील

मधली काही वर्षं माझ्यावर एवढंच असायचं. वाचनालय उघडल्यावरही ते पुसायला कोणी येत नसे. कोणीतरी माझ्या पायाला स्कूटर टेकवायचा. माझा एक कोपरा तिथेच फुटला.

मग शालनताई लिपिक म्हणून आल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी ओलं फडकं पिळून मला वरपासून खालपर्यंत पुसलं आणि ठसठशीत अक्षरात तारीख घातली. मित्रांनो, त्या फडक्याचे उपकार मी आजही मानतो.

सोमवार. पुढील वाचकांनी पुस्तके परत करावीत

ही आमच्या वाचनालयाची जुनी रीत. ज्यांचं पुस्तक उशिरा राहिलं, त्यांची नावं सोमवारी माझ्यावर लागत. कोणाला राग येत नसे. शिपाई मल्लप्पा दारातून हाक मारायचा, "ओ पाटील, नाव लागलंय की तुमचं. आता मुलीला स्थळं यायची न्हाईत." पाटील हसत घरी जायचे, पुस्तक घेऊन यायचे. सांजेला शालनताई यादी पुसायच्या. विषय संपला.

समाजमाध्यम प्रशिक्षण. तीन दिवस. सर्व कर्मचाऱ्यांनी हजर राहावे

सर्व कर्मचारी म्हणजे तिघं. ग्रंथपाल पंचाक्षरी सर, शालनताई आणि मल्लप्पा. बार्शीच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपाल अक्षता मॅडम शिकवायला येणार होत्या. आता माझी रवानगी अडगळीत होणार, असं मला वाटलं. माझ्यावर ती सूचना लिहिताना शालनताईंचा हातही जरा जड पडला होता.

पण पहिल्या दिवशी प्रोजेक्टर लावला आणि लाइट गेली. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तो फळा आत आणता येईल?"

त्यांनी माझ्यावर एक भला मोठा मोबाइल काढला. गट म्हणजे काय, पान म्हणजे काय, फोटो कुठून चढवायचा, सगळं खडूनं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी आतल्या सभागृहात उभा होतो.

पंचाक्षरी सरांनी नवी नोंदवही उघडली होती. "पानाला जे लोक जोडतील त्यांचा दाखल क्रमांक कुठं घालायचा? आणि अर्जावर जामीनदाराची सही कोण घेणार?"

"सर, अर्ज नसतो. कोणीही येतं."

"कोणीही?" सरांनी वही मिटली नाही. त्यांनी मॅडमचंच नाव एक नंबरला लिहिलं.

मल्लप्पाला खडूनं 'आवडलं'चा अंगठा काढायला सांगितला, तर तो म्हणाला, "मॅडम, रात्रशाळेत जाऊन सही शिकलो, अंगठा सोडला. आता तुमी परत अंगठाच द्यायला लावताय व्हय?"

शालनताई मात्र हसल्या नाहीत. त्या सगळं वहीत उतरवत होत्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला जमणार नाही, असं कार्यकारिणीत कोणीतरी बोललं होतं आणि ते त्यांच्या कानावर आलं होतं. निघताना मॅडमनी त्यांना सोपी युक्ती सांगितली. "ताई, रोज फळ्यावर जे लिहिता, तेच पानावर टाका. आपोआप सवय होईल."

सोमवार. तीन नावे

पुढच्या सोमवारी शालनताईंनी माझ्यावर यादी लिहिली आणि तीच मोबाइलवर, वाचनालयाच्या नव्या पानावर आणि गटावर घातली. माझ्यावर जागा कमी, म्हणून फक्त नावं असायची. मोबाइलवर जागाच जागा. म्हणून त्यांनी नावापुढे पुस्तकही लिहिलं. "हरिदास शिवशरण. इयत्ता दहावी, गणित भाग दोन. नऊ दिवस उशीर."

हरिदासमामा टॉवेलच्या कारखान्यात पहारेकरी आहेत. वय सत्तावन्न. सतरा नंबरचा फॉर्म भरून ते बाहेरून दहावीला बसणार होते. घरात सांगितलं नव्हतं, कारखान्यात तर नाहीच. दुपारी दीड वाजता सायकल माझ्याजवळ लावायची, खिडकीपाशी चार वाजेपर्यंत बसायचं आणि मग कामावर जायचं. ही गोष्ट शालनताईंना माहीत होती आणि मला. परीक्षेला चोवीस दिवस राहिले होते.

मंगळवारी मामा आले नाहीत. बुधवारी त्यांच्या शेजारच्या सोनाबाई विड्या वळायचं सूप काखेत धरून दारात आल्या.

"हे घ्या तुमचं पुस्तक. हरिदासदादा म्हणत्यात, कार्डबी काढून टाका. परीक्षेलाबी जाणार न्हाईत."

"का हो? काय झालं?"

"काय झालं म्हंजे? तुमीच लिवलं की. कारखान्यातली पोरं 'आजोबा, दप्तर कुटं हाय' म्हणत्यात. पुण्यास्नं लेकाचा फोन आला, 'बाबा, ह्या वयात काय हे?' लई लागलंय त्यास्नी."

शालनताई बाहेर धावत आल्या. सोमवारची नावं माझ्यावरून कधीचीच पुसली गेली होती, तरी त्यांनी मला फडक्यानं घासघासून पुसलं. मग मोबाइलवरून ती यादी काढली आणि पायरीवर टेकल्या.

मल्लप्पा हळूच म्हणाला, "ताई, माझ्या मोबाइलात अजून दिसतंय. अकलूजवरनं मेव्हण्यानं पाठवलंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी किंमत कळली. मी विसरू शकतो. एका फडक्यात विसरतो. त्या नव्या भावंडाला बिचाऱ्याला विसरताच येत नाही.

शालनताईंनी तिथेच बसून अक्षता मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, निम्मी चूक माझी. फळ्यावरचं तसंच टाका, हे मीच सांगितलं होतं."

"मी पानावर मामांची माफी मागते. त्यांचं नाव घेऊन, जाहीर."

"नको. परत नाव म्हणजे परत तेच. माफी त्यांच्यापर्यंत पोचू द्या, गावापर्यंत नको."

चूक माझी आहे. खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली आहे

एवढंच लिहिलं शालनताईंनी. ना नाव, ना सही. मामा कामावर जाताना माझ्यासमोरूनच जात. मल्लप्पानं पानावर टाकायला फोटो घ्यावा म्हणून मोबाइल काढला, तर ताईंनी त्याचा हात खाली केला. "ह्याचा नको."

पहिल्या दिवशी मामांनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंचाक्षरी सर कुरकुरले, "संस्थेच्या फळ्यावर खासगी मजकूर बरा दिसत नाही, शालनबाई." तिसऱ्या दिवशी धुळीनं अक्षरं पुसट झाली. तेव्हा सरच बाहेर आले, चष्मा वर केला आणि प्रत्येक अक्षरावर खडू फिरवून गेले. सोमवारही उलटला. यादी लागली नाही. मल्लप्पानं एकेकाला फोन करून पुस्तकं मागवली.

मंगळवारी सायकल थांबली. मामांनी मला वाचलं. एका पायावर उभं राहून, ओठ हलवत. मग खोबणीतला खडू घेतला आणि त्या ओळीखाली लिहिलं.

उदाहरण चौथे. झाडाची उंची निघत नाही

आणि आत जाऊन खुर्चीवर बसले.

शालनताईंनी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. मामांनी चौथं उदाहरण उघडून दाखवलं. उदाहरण ताईंना येईना, सरांना येईना. सरांचं गणित सुटून चाळीस वर्षं झाली होती. तेव्हा ताईंनी विचारलं, "मामा, वाचनालयाच्या गटावर विचारू का? तुमचं नाव टाकणार नाही."

मामांनी पुस्तक पुढे सरकवलं. "गणिताला कुटं नाव असतंय, ताई? टाका की."

अर्ध्या तासात वैरागच्या एका निवृत्त गुरुजींनी पायरी-पायरीनं उत्तर पाठवलं. अकलूजच्या एका मुलीनं आकृती काढून धाडली. कोणा एकानं झाडाची उंची तीनशे मीटर काढली, त्याला बाकीच्यांनी फैलावर घेतलं. ताईंनी गुरुजींच्या पायऱ्या माझ्यावर उतरवल्या. पुढे रोज एक उदाहरण येऊ लागलं. दुपारी माझ्यासमोर शाळेची मुलं वह्या घेऊन उभी राहू लागली आणि मामा त्यांच्यात उभे राहायचे. कोणाचं उदाहरण ते कोणी विचारत नव्हतं.

मोबाइलचा मी तेव्हापासून ऋणी आहे. वैराग मला कधी दिसलं नसतं. मॅडमचा, सरांचा आणि शालनताईंचाही ऋणी आहे. कार्यकारिणीतलं ते बोलणंही परत कानावर आलं नाही.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. वर्षातून एकदा मला काळा रंग द्या, फुटलेला कोपरा सांधा. आणि हातात खडू असो की मोबाइल, माणसाचं नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. पाटलांना चाललं म्हणून शिवशरणांना चालेल असं नसतं.

हरिदास शिवशरण, दहावी उत्तीर्ण

निकाल लागला त्या दुपारी शालनताईंनीच तो मोबाइलवर पाहिला. डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, आता पानावर टाकू?"

"तितं नगं. हितं लिवा. जाणाऱ्या-येणाऱ्यानं वाचलं म्हंजे झालं."

ताईंनी त्यांच्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. लोक थांबत होते, वाचत होते. विड्यांचं सूप घेऊन जाताना सोनाबाईंनी ती ओळ कोणाकडून तरी दोनदा वाचून घेतली. कारखान्यातली दोन पोरं सायकलवरून उतरली आणि ती ओळ वाचत उभी राहिली. आत मामा खिडकीपाशी बसून ऐकत होते.

चार वाजता ते बाहेर आले. मला नीट पाहिलं. मग फडकं घेतलं, पिळलं आणि आपलं नाव स्वतःच्या हातानं पुसलं.

"बास," ते म्हणाले, "ड्यूटीची येळ झाली."