टेकवलेली करंगळी

माझे मेहुणे चाळीस वर्षे यंत्रांचे आराखडे काढत होते आणि तेवढीच वर्षे स्वतःला आम्हा सर्वांपेक्षा एक पायरी वर समजत होते. कंपवाताने त्यांचा उजवा हात निकामी केला, तोरा मात्र शाबूत राहिला. शस्त्रक्रियेने मेंदूत तारा बसवल्या, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवली. तरी त्यांची बायको, माझी ताई, त्यांना घास भरवतच होती. हाताची थरथर दाबणारा विजेचा प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टर प्रत्येक भेटीत हात पाहून ठरवतात, आणि मेहुणे प्रत्येक भेटीत ठणठणीत दिसत.

याचा उलगडा मला तिसऱ्या भेटीत झाला. हात मांडीखाली दाबून बसलेल्या मेहुण्यांना डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतून बाहेर फिरत जाणारे चक्र काढायला सांगितले. त्यांनी करंगळी कागदावर रोवली, श्वास रोखला आणि असे सुबक चक्र काढले की बाई म्हणाल्या, प्रवाह आहे तेवढाच ठेवू, तीन महिन्यांनी या. या चक्राचा घरी रोज सराव चालतो, हे ताईने मला हळूच सांगितले.

मी चौतीस वर्षे कारखान्यात तपासनीस होतो. चांगला नग वर मांडून पेटी पुढे सरकवणारे पुष्कळ पाहिले. पण त्यांना निदान पेटी खपवायची असे. या गृहस्थांना फक्त शाबासकी हवी होती.

"भावोजी, करंगळी उचला," मी म्हणालो.

"ती आमची पद्धत आहे. तुम्ही नुसते मोजणारे, तुम्हाला काय कळणार?"

"ताईला अजून तीन महिने भरवायचं आहे, एवढं कळतं."

बाईंनी नवा कागद ठेवला. करंगळी उचलली गेली आणि रेषेला करवतीचे दात फुटले. मेहुण्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. बाई हातातल्या यंत्रावर प्रवाह थोडाथोडा वाढवत गेल्या. मेहुण्यांच्या ओठाला मुंग्या आल्या तेव्हा किंचित कमी केला. हात स्थिरावला. बाईंनी पाण्याने भरलेला पेला दिला, तो मेहुण्यांनी स्वतः तोंडाला लावला. ताईने सवयीने हनुवटीखाली तळहात धरला. त्यावर थेंबही पडला नाही.

मेहुण्यांनी पहिला कागद घडी करून खिशात घातला. परतताना म्हणाले, "चक्र मात्र पहिलंच चांगलं होतं."

दुपारी ताईने दोन ताटे वाढली, चमचा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्याकडे न पाहता जेवायला सुरुवात केली.