पुराच्या आधीचा कॉम्प्युटर

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण हे बटण आत गेलं त्याला पंधरा वर्षं झाली, अजून बाहेर आलेलं नाही, आणि तरी कॉम्प्युटर चालू होतो. पेन्सिलीचं मागचं टोक भोकात घालायचं, किंचित डावीकडे कलवायचं, दाबायचं आणि... ऐकायचं. आधी आतला पंखा घसा साफ करतो. मग बराच वेळ काहीच नाही—तेवढ्यात माणसानं चहाचं आधण ठेवावं. मग कुठेतरी खोल, म्हातारं माणूस सुपारी कातरत बसावं तशी कुरकुर. शंकररावांनी पेन्सिल बाहेर काढली आणि टोक निरखलं. ही युक्ती माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, असं त्यांनी निदान शंभर जणांना सांगितलं असेल. मुलाला, प्रमोदला जमायची खरं तर. आणि सून भावना, तिला तर लग्न होऊन आली त्याच आठवड्यात जमली होती. पण तिनं ते चारचौघांत कधी म्हटलं नाही. पेन्सिल परत त्यांच्याच हातात दिली होती.

शेजारी नवा येऊन बसला होता. कालच खोक्यातून निघालेला, जाडीला जेमतेम पाटाएवढा, आणि गप्प. सकाळपासून शंकररावांनी तीनदा त्याला कान लावला. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर माणसाला एवढं कळतं, की जे चालतं ते वाजतं. वाजायचं थांबलं की धावत जायचं. हा चालत होता आणि वाजत नव्हता. हात ठेवला तर कोमटसुद्धा नाही. मग हा श्वास कुठून घेतो? मागे बारीक जाळी होती. त्यांनी वर्तमानपत्राची चिंधी फाडून जाळीसमोर धरली. हलली नाही... हलली बहुतेक, की आपलाच हात? दुसऱ्या हातात धरून पाहिली. नवा त्यांना आवडायला लागला होता, आणि पंचाईत होती ती हीच.

"सापडली का नाडी?" भावना स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"नाही सापडत."

"मग डॉक्टर बदला." ती खाली वाकून जुन्याच्या वायरी ओढायला लागली. "बाबा, बंद करा याला. हार्डडिस्क काढून घेते. आईंचे फोटो, प्रमोदचं सगळं जुनं, एकदाच नव्यात जाऊ दे. उद्या भंगारवाला येणार आहे."

"पेन ड्राइव्हनं घे की. खोलायला कशाला पाहिजे?"

"पेन ड्राइव्ह लावला की बंद पडतो हा. तुम्हीच सांगता ना, त्याला बाहेरचं पचत नाही."

सांगितलं होतं. काय काय सांगितलं नव्हतं या कॉम्प्युटरबद्दल... चौथ्या मजल्यावरच्या या घरात येणारा प्रत्येक माणूस, पाणीपट्टीचं बिल देणारासुद्धा, ती गोष्ट ऐकूनच खाली उतरायचा. पुराच्या साली आम्ही नदीकडच्या चाळीत होतो. मी असा बसलेला, बाहेर धो धो, आणि पडदा थरथरायला लागला. अक्षरं अशी वाकडी, जशी पाण्यात बोटं दिसतात. मी काचेवर पंजा ठेवला आणि समजलो—नदी निघाली. खालच्या अकरा खोल्यांची दारं वाजवली, सगळ्यांना वरच्या मजल्यावर चढवलं, शेवटचं पोर उचललं तेव्हा पाणी कमरेला. सांगण्यातून गोष्ट वाढत गेली. एका साली पडद्यावर पाण्याची रेघच चढताना दिसायला लागली. ते जास्त झालं हे ऐकणाऱ्याच्या भुवयांवरून कळलं, पुढच्या वेळी रेघ काढून टाकली. गोष्टही मशीनसारखीच असते, कुठे घासते ते ऐकावं लागतं.

आणि सगळंच काही खोटं नव्हतं. पडदा थरथरायचा. इथे राहायला आल्यावरही, सोसायटीचा पंप सुरू झाला की वीज क्षणभर दबायची आणि जुन्या पडद्यावरची अक्षरं शहारायची. शंकरराव आतून ओरडायचे, बादल्या लावा, आणि दोन मिनिटांत नळाला पाणी. हे इमारतीनं डोळ्यांनी पाहिलेलं. ज्याला नळाचं कळतं त्याला नदीचं कळणार नाही? आज पंपाच्या वेळी ते मुद्दाम नव्याच्या समोर जाऊन बसले होते. पंप लागल्याचा घरघराट खालून आला. पडदा जसाच्या तसा, तळ्यासारखा. बारवी धरणाच्या अख्ख्या पाण्यानं याला काही सांगितलं नाही.

भावनानं कॅबिनेट आडवं घातलं. "स्क्रू ड्रायव्हर द्या तुमचा."

हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. त्यांनी ती काढायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लावला. फिटर माणूस, घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्याची सायकल, सगळं उघडून पाहिलेलं, पण हे एक यंत्र त्यांनी कधी खोललं नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, दुकानातल्या सेठनं जोडून दिलं तेव्हा बजावलं होतं, "साईं, खोलना मत, खोललं की वॉरंटी गेली." आणि पाठीवर एक बारकं पांढरं स्टिकर लावलं होतं, त्यावर साल, खाली महिन्यांचे आकडे, त्यातल्या एकावर पेनानं फुली. दहावा. ऑक्टोबर. नदी येऊन गेली होती त्याच साली, जुलैत.

ते स्टिकर शंकररावांनी पहिल्याच दिवाळीत, मामाकडे राहणारा प्रमोद सुट्टीला यायच्या आधी, नखानं खरवडून काढलं होतं.

का... याचं उत्तर त्यांना माहीत होतं, आणि ते फार छोटं होतं. त्या दुपारी ते जिन्यावर बसले होते. टीव्ही मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, चौथ्या पायरीवर. पाणी पहिली पायरी बुडवत होतं, मग दुसरी, आणि पायांना काही केल्या खाली उतरता येत नव्हतं. खाली त्यांची बायको शालन एकेका दारावर थापा मारत चालली होती, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, कुणाचं पोर काखेत. वर जाताना तिनं त्यांच्या खांद्यावरून पोर पुढे दिलं आणि एवढंच म्हणाली, "टीव्ही ठेवा खाली." तो पायरीवर ठेवायचा की पाण्यात, हेही त्यांना ठरवता आलं नाही.

पुढे चाळ पाडली, माणसं पांगली. गोष्टीत शालनच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरच्या जागी, हळूहळू, मी. ती चहा घेऊन बाहेर यायची, गोष्ट चालू असायची, ती कप ठेवून आत जायची. सोळा वर्षं. एकदाच, पाहुणे गेल्यावर म्हणाली होती, "अकरा नाही, नऊ दारं होती." त्यानंतर तीन वर्षांत ती गेली, आणि ती गेल्यावर गोष्ट सांगणं जास्तच सोपं झालं, हे त्यांना विचित्र वाटायचं. सोपं व्हायला नको होतं.

भावनानं पत्रा ओढला. आत करड्या रंगाची धूळ, लोकरीसारखी. शंकरराव कुतूहलानं पुढे झुकले... इतकी वर्षं हा यात कुरकुरत होता तर. आणि त्यांना ते दिसलं. पंख्यावर. वीजपुरवठ्याच्या डब्यावर. भावनाच्या हातातल्या हार्डडिस्कवर. सेठनं प्रत्येक पार्टावर तेच बारकं पांढरं स्टिकर लावलेलं, प्रत्येकावर तीच फुली. वीस वर्षं ते एका खरवडलेल्या पाठीच्या भरवशावर बोलत आले होते.

ते बोलायला लागले. तोंड आपोआप चालू झालं. "कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या दिवशी हा असा थरथरत होता भावना, मी पंजा ठेवला काचेवर—"

ती हार्डडिस्क खिडकीच्या उजेडाला धरून ऐकत होती. नेहमीसारखी, हूं हूं करत. मग हूं थांबलं.

"—आणि अकराच्या अकरा दारं—"

"बाबा, हे खोटं आहे."

ती हसली नाही, रागावलीही नाही. अंगठ्यानं स्टिकरवरची धूळ पुसली. "ऑक्टोबर दोन हजार पाच. पंख्यावरही तेच, सगळ्यांवर तेच. पुराच्या वेळी हा नव्हता तुमच्याकडे."

उत्तर तयार होतं. इतकं चटकन तयार झालं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं—पुरात आतलं सगळं भिजलं, ऑक्टोबरमध्ये पार्ट बदलून घेतले. बिनतोड. कुठेही घासत नव्हतं. भावनाही मान हलवील, हार्डडिस्क नव्याला जोडील, आणि उद्या भंगारवाला साक्षीदार घेऊन जाईल.

"मग दारं कुणी वाजवली?" तिनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

शंकररावांनी तोंड उघडलं. तयार उत्तर जिभेवर होतं, आणि त्याच्या मागे एक नाव, जे या गोष्टीत त्यांनी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि ते आपल्या आवाजात कसं ऐकू येईल, याचं त्यांना, भीतीच्याही पुढे जाऊन, नवल वाटू लागलं.