मी वाजले आणि सभा मोडली

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. मी पंचायतीची घंटा. लोणावळ्याहून भुशीच्या अंगाने डोंगरात शिरले की खडकपेठ लागते. तिथल्या पंचायतीच्या टेबलावर माझे आयुष्य गेले.

तळेगावच्या एका ओताऱ्याने मला घडवले. फुटकी घागर, दोन तपेली आणि एक मोडकी समई वितळवून त्याने माझा साचा भरला. मी थंड झाल्यावर त्याने मला हलवून पाहिले आणि म्हणाला, "आवाज बघा, झोपलेला पंच उठंल!" सगळे हसले. मलाही मोठा अभिमान वाटला.

पंचायतीत पंच नऊ. सरपंच धरून त्यांतले पाच तरी आत जागेवर बसलेले असले तरच सभा भरे, कमी पडले की मोडे. मी एकदा वाजले की सभा सुरू आणि दुसऱ्यांदा वाजले की संपली. मग कोणी कितीही विनवले तरी पुढची सभा पुढच्या महिन्यात. शिवाय दिवेलागणीला सभा उठवावीच लागे, कारण कंदिलाच्या तेलाची सोय नव्हती. नियम साधे होते. साध्या नियमांत केवढी भोके असतात ते मला पुढे कळले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. कोंडवाडा झाला, शाळेला भिंत झाली. मी वाजले की माणसे पागोटी सावरून लगबगीने येत. सरपंच हौशीराम मला दर सणाला चिंचेने घासून लख्ख करीत.

मग बर्फाची कंपनी आली. खंडाळ्याच्या बंगल्यांना आणि हॉटेलांना ती बर्फ पुरवी. तिने पहिल्या वर्षी पंचायतीच्या गळक्या छपरावर नवे पत्रे घातले. दुसऱ्या वर्षी सरपंचांसाठी हातांची वेताची खुर्ची पाठवली. मॅनेजर साहेबांनी बदल्यात काही मागितले नाही. मलाही वाटले, काय भली माणसे आहेत!

पुढे पंचांची निवडणूक आली. महिपती नावाचा एक गोडबोल्या गडी उभा राहिला. त्याच्यासाठी कंपनीने मोटारी लावल्या आणि मटणाच्या पंगती घातल्या. तो आणि त्याचे तीन सोबती निवडून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीचा अर्ज आला. तिला कातळवाडीचा झरा हवा होता.

कातळवाडी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेली डोंगरातली वाडी. उन्हाळ्यात तिथल्या माणसांना आणि गुरांना तेवढ्या एका झऱ्याचाच आधार. मामलेदार कचेरीने पंचायतीला लिहिले, "हरकत असल्यास मार्चअखेरपर्यंत ठराव करून कळवावे. न कळवल्यास हरकत नाही असे समजू."

मित्रांनो, त्या शेवटच्या वाक्याची मला धास्ती बसली. कंपनीला सभेत जिंकायची गरजच नव्हती. ठराव होऊ दिला नाही, की झाले!

जानेवारीच्या सभेत कातळवाडीचा पंच बुधा ठराव मांडायला उठला, तोच महिपती म्हणाला, "आधी मागच्या सभेचं वाचन करा. कोंडवाड्यात बैल घातला असं लिवलंय. तो बैल नव्हता, गोऱ्हा हुता."

"गोऱ्हा असू दे न्हाईतर रेडा, आता सुटला न्हवं?" नथू नावाचा म्हातारा पंच कुरकुरला.

"असं कसं, आबा? उद्या तुमाला कुनी म्हातारी लिवलं तर चालंल?"

सगळे हसले. त्या गोऱ्ह्यावर महिपती बोलत राहिला. त्याची शिंगे, त्याचे दात, त्याची आई, त्याचा मालक, सगळे झाले. बुधा खिडकीतून उतरत्या उन्हाकडे बघत होता. दिवेलागण झाली आणि मला वाजावे लागले.

फेब्रुवारीत महिपती आणि त्याचे तिघे आलेच नाहीत. नथूआबा नातीच्या लग्नाला घोरावाडीला गेले होते. सरपंच धरून चारच माणसे राहिली. मी पुन्हा वाजले.

उरली मार्चची सभा. त्या दिवशी नथूआबा गुडघ्याला फडके बांधून, काठी टेकीत आले. मारुती नावाचा पंच आला, बुधा आला, आणखी एक पंच आला आणि सरपंच हौशीराम धरून बरोबर पाच झाले. बाहेर पायरीवर कातळवाडीची चिमाबाई रिकामी कळशी मांडीशी घेऊन बसली होती. वाडीने तिला धाडले होते. ठराव झाला की तिने वर जाऊन सांगायचे होते.

मी वाजले. सभा सुरू झाली. बुधाने ठराव वाचला. आता फक्त हात वर करायचे होते. मी मनात एकच घोकत होते, लवकर करा, बाबांनो, लवकर.

इतक्यात ओट्यावरून आवाज आला. महिपती एकटाच आला होता आणि दाराबाहेर खांबाला टेकून बसला होता.

"चालू द्या, चालू द्या! आमाला कोन इचारतो? आमी काय, बाहेरचं मानूस!"

आमच्याकडे रीत आहे. लग्न असो वा पंचांची बैठक असो, कोणी रुसून उंबऱ्याबाहेर बसला तर त्याला डावलून कार्य करीत नाहीत. कोणीतरी उठून, त्याचा हात धरून त्याला आत आणायचे. आणि उठायचे ते वयाने किंवा मानाने लहान असलेल्याने. तिथे सगळ्यांत धाकटा बुधा होता.

"बुधा, बस खाली," नथूआबा म्हणाले.

"असं कसं, आबा? मानूस दारात बसलंय. मागनं म्हनतील, वाडीवाल्यांना रीत न्हाई."

आणि तो गेला. माझा जीव टांगणीला लागला. तो उंबरा ओलांडून महिपतीपुढे वाकला. "चला भाऊ, आत चला." महिपतीने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तिथूनच ओरडला, "सरपंच, मी पंच हाय, माझा हक्क हाय. बाकावरची मानसं मोजा!"

बाकावर तिघे आणि खुर्चीत सरपंच, असे चारच होते.

हौशीरामांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी कधी कोणाचा पैसा घेतला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. माणसे कमी पडली तर "थोडा वेळ थांबून" घंटा वाजवावी, असेही नियमाच्या वहीत लिहिलेले होते. चार श्वास थांबले असते तर बुधा हात सोडवून आत आला असता. पण ते कंपनीच्या खुर्चीत बसले होते, कंपनीच्या पत्र्याखाली. मिंधेपणाला हिशेब लागत नाही. त्यांचा हात आला आणि मी वाजले.

बुधा धावत आत आला. "मी हाय की! मी हितंच हुतो!"

"घंटा झाली, बुधा," हौशीराम खाली बघत म्हणाले.

महिपती पान थुंकून निघून गेला. बुधा पायरीवर येऊन चिमाबाईजवळ मटकन बसला.

"मावशी, मी त्येला मानानं आनाय गेलतो."

"व्हय रं, लेकरा. मान दिलास, ब्येस केलंस." तिने कळशी उचलली. "आता वाडीला काय देऊ, त्ये सांग."

एप्रिलच्या सभेत ठराव मांडला गेला. नऊच्या नऊ पंच हजर होते आणि सगळ्यांत आधी हात वर झाला तो महिपतीचा. मुदत टळून गेल्याचा शेरा मारून कचेरीने कागद परत पाठवला. झऱ्याला नळ बसला. बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात बांधून खंडाळ्याला जाऊ लागल्या आणि कातळवाडीच्या बाया दोन डोंगर उतरून पाण्याला जाऊ लागल्या.

पुढे कंपनीने पंचायतीला टिचकी मारली की वाजणारी नवी विलायती घंटा दिली. मी कपाटात गेले. आता माझ्यावर हिरवा कळंक चढला आहे.

पण मित्रांनो, मला घासून लख्ख करा असे माझे मागणे नाही. तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी अशा बाकावर बसाल. तुमचे काम लांबवायला कोणी गोड बोलेल, कोणी रुसेल, कोणी तुमच्याच चांगल्या रीतीला हात घालेल. त्या वेळी रीत नंतर पाळा, आधी हात वर करा. आणि तुमच्यापैकी जो कोणी घंटेपाशी बसेल, त्याने ती उचलण्यापूर्वी उठून एकदा दाराबाहेर पाहावे. पायरीवर कोणी कळशी घेऊन बसले असेल, तर चार श्वास थांबावे.