दोन नंबरची काच

रंग मारायचा हुकूम तुमचा, साहेब, आणि आंधळा ठरला कोण? बावीस वर्षं पॅनेलसमोर डोळ्यांत तेल घालून बसलेला ऑपरेटर, आमचा मीटरमामा!

धरणाच्या पायथ्याशी वीजघर, हवा बारमाही ओली. तिथला एक नंबरचा ट्रान्सफॉर्मर गेल्या महिन्यात धाडकन उडाला. आत ओल शिरली होती. ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो तो काचेच्या एका नळकांड्यातून. त्यात दाणे असतात, कोरडे असेतो निळे, ओल प्यायले की गुलाबी. गुलाबी दिसले की बदलायचे, शेंबड्या पोरालाही कळेल. पण बडे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, "सगळं एकाच करड्या रंगात हवं." रंगाऱ्याने काचही रंगवली!

आणि चौकशी समितीचे अध्यक्ष कोण? तेच साहेब.

"दाणे गुलाबी झाले ते दिसलं नाही तुम्हाला?"

"रोज वहीत लिहिलंय साहेब, काच रंगवलीय, आतलं दिसत नाही. खाली तुमची सही आहे. 'पाहिले.'"

साहेबांनी वही मिटली. "आधी डोळे तपासून या. मग नोकरीचं बघू."

मामाची बायको भडकली, "अहो, भाजीतला केस तुम्हाला दारातून दिसतो! त्या साहेबांच्याच डोळ्यांवर झापडं आहेत."

डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. कागद घेऊन मामा आला तेव्हा समिती यार्डातच उभी होती. शेजारी दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर घुमत होता. त्याचीही काच करडी. हा गेला तर नोकरी गेलीच म्हणून समजा! मामाने खिशातून किल्ली काढली आणि काच खरवडायला घेतली.

"अहो, परवानगी कुणाची?"

"डोळे तपासतोय साहेब."

आत दाणे गुलाबी, बाहुलीच्या फ्रॉकसारखे. समितीतला एक जण फिस्सकन हसला, मग खोकल्याचं सोंग करत बसला. तासाभरात दाणे बदलले. दोन नंबर वाचला.

संध्याकाळी मामाच्या हातात नोटीस. 'शासकीय रंगाचे नुकसान केल्याबद्दल आपणास कामावरून का काढू नये?'

मामाने तिच्याच पाठीवर लिहिलं, "दोन नंबर चालू आहे, म्हणून काढू नये. हे झालं माझं उत्तर. आता तुमचं द्या. एक नंबर कुणी मारला?"

आठवडा झाला. साहेब, दातखीळ बसली काय? बोला!