साडूभाऊंचा फोन

घड्याळजी स्वतःला सांगायचा की आपल्याला साडूभाऊंचा राग येतो. राग कसला डोंबलाचा! पोटात दुखत होतं त्याच्या. पण पोटदुखीला राग म्हटलं की माणसाला आपण जरा मोठे वाटतो.

त्याचं असं झालं, की सगळ्या नात्यागोत्यात बारीक नजर म्हणजे घड्याळजीची, हे कधीचं ठरून गेलं होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो मोहरीहून लहान स्क्रू काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. कुणाच्या बोटात कुसळ गेलं की त्याच्याकडे, सुईत दोरा जात नाही की त्याच्याकडे. मग फोनमध्ये अगदी जवळून फोटो काढायची सोय आली. मॅक्रो म्हणतात तिला. घड्याळजीने तसा फोन घेतला आणि घड्याळातली चाकं, दाते, केसासारख्या कमानी असले फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. मंडळी शाबासकीचे अंगठे टाकायची. बायको म्हणायची, "छान आलाय." आता छान काय, ती कोपऱ्यावरच्या शिंप्यालाही म्हणायची. पण याला तेवढं पुरायचं. फोन मात्र तो कुणाच्या हातात देत नसे. बायकोने एकदा मागितला तर म्हणाला, "काच खराब होते गं, बोटं लागतात." तिने परत मागितला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साडूभाऊंनी नवा फोन घेतला.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करायचे. माणूस देवमाणूस, पण हौसमौज म्हणाल तर जेवून झोपणे एवढीच. दातांचे रंग नीट जुळावेत म्हणून लॅबच्या मालकाने सांगितलं आणि यांनी चांगला फोन घेतला, बस. आणि आठवडाभरात ग्रुपवर त्यांच्याकडून एक फोटो आला. साबणाचा फेस. नुसता फेस हो! पण एकेका बुडबुड्यात खिडकी दिसत होती, आणि प्रत्येक खिडकी निराळी.

घड्याळजीने बायकोकडे पाहिलं. ती छान म्हणाली नाही. फोटो बघत राहिली आणि गालातल्या गालात हसली.

ते हसू घड्याळजीच्या जिव्हारी लागलं. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही चाकाला असलं हसू मिळालं नव्हतं. त्याला काय हवं होतं म्हणाल, तर तेवढंच. एकदा, फक्त एकदा, तिने आपल्या फोटोकडे बघून तसं हसावं.

मग तर रांगच लागली. टॉवेलचे धागे. पावाच्या कडेची जाळी. लोकरीच्या गुंड्यावर चढलेली मुंगी, तिच्या मिशांसकट. दर फोटोला बायको तशीच हसायची आणि दर फोटोला घड्याळजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याने साडूभाऊंचा मुंगीवाला फोटो मोठा करून पाहिला, समाधान होईना म्हणून चक्क डोळ्याला भिंग लावून फोनवर वाकला. दिसले काय, तर लाल, हिरवे आणि निळे ठिपके. मुंगी पार गायब. "काय शोधताय?" बायकोने विचारलं. "चूक," तो म्हणाला. निदान खरं बोलला.

शेवटी त्याला राहवेना. एका रविवारी सासूबाईंना भेटायचं निमित्त काढून तो बायकोबरोबर साडूभाऊंकडे गेला. सासूबाई राहायच्या धाकटीकडेच. बायको दर शनिवारी जाऊन त्यांना न्हाऊमाखू घालायची, वेणीफणी करायची. घड्याळजी मात्र सहा महिन्यांतून कधीतरी उगवायचा, त्यामुळे मेहुणी दार उघडताच म्हणाली, "अगंबाई! सूर्य कुठून उगवला आज?"

चहा होतो न होतो तोच त्याने विषय काढला. "साडूभाऊ, होऊन जाऊ द्या. तुमचा फोन, माझा फोन. तीच वस्तू, तोच उजेड."

"अहो भाऊजी, मला कशाला त्यात?" साडूभाऊ भांडी विसळत होते. "माझे हात ओले आहेत. ताई, घ्या हो माझा फोन, तुम्हीच काढा."

बायकोने हात पदराला पुसून फोन घेतला. टेबलावर मेहुणीने मिठाची चिमूट टाकली. घड्याळजी आपल्या सवयीप्रमाणे पार वस्तूवर जाऊन बसला, नाक मिठात बुडेल इतका. त्याच्या फोनला जवळ जावंच लागायचं, तीन बोटांवर. आणि एवढ्या जवळ गेलं की फोनचीच सावली पडायची. मीठ राखेसारखं करडं आलं. बायको हातभर लांब उभी राहिली. साडूभाऊंच्या फोनला लांबून ओढून घेणारी लेन्स होती. पण ती लगेच काढेना. आधी टेबलाच्या त्या बाजूला गेली, मग या बाजूला, मग तिने खिडकीचा पडदा वीतभर सारला, खाली वाकली, आणि काढला. एकेक खडा काचेच्या घरासारखा, आत उजेड भरलेला.

मेहुणीने दोन्ही पाहिले. "भाऊजी, रागावू नका हं," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायची गरजच उरली नाही.

मग शर्टाचं बटण झालं, काडीपेटीतली काडी झाली. तीच गत. "फोनच तसला आहे," घड्याळजी म्हणाला. "त्या लेन्सने कुणीही काढला तरी असाच येणार. माकडाच्या हातात दिला तरी."

"हो ना," बायको म्हणाली. "फोनचाच गुण." आणि फोन टेबलावर ठेवून ती आईकडे आतल्या खोलीत गेली.

आता ऐका. गावातल्या वाचनालयाने फोनवर काढलेल्या जवळच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. येतील ते सगळे लावायचे, आणि सगळ्यांत चांगला असेल तो भलामोठा करून समोरच्या भिंतीवर. घड्याळजीने फोनवर चिमट्याने बसवायची वेगळी लेन्स आणून लावली, सावली पडू नये म्हणून दोन दिवे आणले, गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच पडू दिली आणि एका जुन्या मनगटी घड्याळाच्या पोटाचे फोटो काढत बसला. त्यातला उत्तम निवडून दिला. बायकोला म्हणाला, "बघशील तू, भिंतीवर काय लागतं ते." ती म्हणाली, "लागू दे बाई. तुमचा जीव भांड्यात पडेल."

भिंतीवर लागली फणी.

साडूभाऊंनी पाठवलेली फणी! प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मेहुणीनेच ग्रुपवर कळवलं, वर तो फोटोही टाकला. लाकडी फणीचे दोन दात, त्यांच्यामध्ये अडकलेला एकच पांढरा केस, आणि केसावर ओलाव्याचा थेंब. बस, एवढंच. पण बघताना कुणाचं तरी डोकं आपल्या मांडीवर आहे असं वाटत होतं. घड्याळजीलाही तसंच वाटलं आणि तो आणखीच चिडला. "दातवाल्याला दातच दिसणार," तो म्हणाला, "फणीचे का असेनात."

बायको हसली नाही. तिने ग्रुपवरचा तो फोटो बोटाने हळूच मोठा केला आणि डोळे पुसले. घड्याळजी ताडकन उठला, चपला घातल्या आणि साडूभाऊंच्या लॅबवर गेला.

साडूभाऊ मेणात दात रोवत होते. पुढ्यात ओळीने जबडे मांडलेले, सगळे हसणारे. घड्याळजीला तेही आपल्यालाच हसताहेत असं वाटलं.

"तुमचा फोन द्या जरा," तो म्हणाला.

"घ्या की."

त्याने तिथल्याच एका जबड्याचा फोटो काढला. लांबून काढला, सावली न पाडता काढला. फोटो स्वच्छ आला. दाताची रेघन् रेघ दिसत होती. आणि तरी मेलेला होता तो, दुकानाच्या पाटीसारखा. दुसरा काढला. तिसरा काढला. तोच फोन, तीच लेन्स.

"साडूभाऊ, खरं सांगा. कसे काढता तुम्ही?"

साडूभाऊंनी मेणाची सुरी खाली ठेवली. "मी? अहो भाऊजी, मला माझ्या पायाचा फोटो सरळ येत नाही." मग ते जरा ओशाळले. "ताई काढतात. दर शनिवारी आईंची वेणी झाली की माझा फोन मागून घेतात आणि खिडकीत बसतात. मला म्हणाल्या, तुमच्या नावाने टाका, आमच्या ह्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, टाकतो. पण आता भिंतीवर माझं नाव लागलंय आणि मला जेवण जाईना. उद्या तुम्हीच सांगून टाका सगळ्यांना. तुम्ही सांगितलंत तर त्यांना बरं वाटेल."

घड्याळजी घरी आला. बायको दारातच म्हणाली, "कुठे गेला होतात हो?" त्याने सांगितलं, "इथेच." ती काहीतरी गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तो तिच्याकडे बघत होता, जणू घरात कुणी परकं माणूस शिरलंय. कानामागून आली आणि तिखट झाली! साडूभाऊंवर जळणं सोपं होतं. ते लांब राहायचे, त्यांचा फोन भारी होता, हरलो तर फोनपुढे हरलो म्हणता यायचं. पण ही? ही तर याच छपराखाली, याच ताटाशी बसून जिंकली होती, आणि वर दया दाखवत होती. ह्यांना वाईट वाटेल म्हणे! ती हसायची ते साडूभाऊंसाठी नव्हतंच, स्वतःसाठीच होतं, हे कळल्यावर तर त्याला काय वाटावं? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला आणखी जळायला झालं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गर्दी होती. बायको ठेवणीतली साडी नेसून आली होती. फणीचा फोटो पुरुषभर उंच, समोर, सगळा उजेड त्याच्यावर. खाली पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर साडूभाऊंचं नाव.

साडूभाऊ लगबगीने आले. "ताई, आता लपवू नका हं. मी काल भाऊजींना सगळं सांगितलंय. आज ते स्वतःच सांगणार आहेत."

बायको गर्रकन वळली. तिचा चेहरा असा उजळला, की घड्याळजीला खाली बघावं लागलं. "काल?" ती म्हणाली. "कालच कळलं तुम्हाला?"

तो हो म्हणाला.

"मग बोलला नाहीत ते."

तेवढ्यात ग्रंथपाल बाई आल्या, त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि साडूभाऊंना चार शब्द बोलायला सांगितलं. साडूभाऊंनी हात जोडले. "आमचे भाऊजी बोलतील," ते म्हणाले, आणि त्यांनी घड्याळजीला पुढे ढकललं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. बायकोही बघत होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. एक वाक्य होतं. हा फोटो माझ्या बायकोने काढलाय. लहान पोरालाही बोलता आलं असतं. आणि बोलला असता ना, तर त्याला हवं असलेलं ते हसू तिथल्या तिथे मिळालं असतं, आयुष्यभर पुरेल एवढं. त्यालाही ते कळत होतं. त्याने तोंड उघडलं. पण वर ती एवढी मोठी फणी होती, आणि त्याच्या घड्याळाचा फोटो कुठे लावलाय तोही त्याला अजून सापडला नव्हता.

"काय आहे," तो म्हणाला, "हल्ली फोनच इतके भारी निघालेत. फोन चांगला असला की फोटो चांगला येतोच."

काही लोक हसले. साडूभाऊ आ वासून बघत राहिले. बायकोने पदर सोडला, चुरगळला होता तो नीट केला. मग ती ग्रंथपाल बाईंकडे गेली, म्हणाली, "जरा पेन देता?" आणि सगळ्यांदेखत भिंतीशी जाऊन चिठ्ठीवरचं नाव खोडलं. घाई केली नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं, नुसतं स्वतःचं, पुढेमागे काही नाही.

"तुम्ही काढलाय हा?" बाईंनी विचारलं.

"हो. आमच्या आईची फणी आहे. फोन यांचा." तिने साडूभाऊंकडे हात केला. साडूभाऊ तर एवढ्या जोरात टाळ्या वाजवायला लागले की बाकीच्यांनाही वाजवाव्या लागल्या. घड्याळजीनेही वाजवल्या. न वाजवून करतो काय?

टाळ्या थांबल्यावर बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे माझे मिस्टर," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. "घड्याळं दुरुस्त करतात. यांचाही एक फोटो लागलाय. त्या तिकडे, दारामागे. दार लावलं की दिसतो."

सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि लोक अजून आत येतच होते.