लावला आणि लागला

सासूबाईंचं मौन सकाळी डोळे उघडल्यापासून सूर्य माथ्यावर येईपर्यंत असे. ते त्यांनी आजवर कशासाठीही मोडलं नव्हतं. मागच्या महिन्यात मुलगा पंखा पुसता पुसता स्टुलावरून कोसळला, मनगट मोडून बसला, तेव्हाही त्यांनी ताट बडवून सुनेला गच्चीवरून खाली बोलावलं होतं. तोंडातून शब्द नाही. घराला सवय झाली होती. टिचकी एक वाजली की हो, दोन वाजल्या की नाही.

"आईशी भांडायचं तर दुपारचं जेवण झाल्यावर भांडावं," मुलगा म्हणे. "सकाळी आपणच हरतो."

त्याचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून त्या दिवशी गाडी सून चालवणार होती. नणंदेचं नवं घर डोंगरापलीकडे होतं. सगळे बसले, दारं धडाधड बंद झाली, आणि किल्ली फिरवताना सुनेने मागे न बघताच विचारलं, "लावलं का सगळं?"

मागच्या काचेवर एक टिचकी वाजली.

हा त्या घरचा नेहमीचा प्रश्न. त्या एका शब्दात दार येई, कुलूप येई, गॅसचा नळ येई आणि गाडीत बसल्यावर बेल्टही येई. विचारणारीला ठाऊक असे काय विचारलं ते, सांगणारीला ठाऊक असे काय सांगितलं ते. आजवर कुणाचं कुठे अडलं नव्हतं.

गाडी नुसती लखलखत होती. नवऱ्याने आदल्या दिवशी एका हाताने ती धुतली होती, पुसली होती, चाकांना काळं पॉलिशसुद्धा चोपडलं होतं.

"बघ, तोंड दिसतंय का नाही बॉनेटमध्ये?"

"दिसतंय हो. पण मिस्त्री म्हणाला होता ना, ब्रेक ऑइल काळं पडलंय, डोंगरात जायच्या आधी बदला म्हणून?"

"आल्यावर बदलू की. लोण्यासारखी चालतेय गाडी."

"मी चालण्याबद्दल कुठे बोलतेय? थांबण्याबद्दल बोलतेय."

"तुला ना, चांगल्या कामाला निघताना काहीतरी खुसपट काढायचंच असतं."

मागून दोन टिचक्या आल्या. त्या कुणासाठी होत्या, हे दोघांनीही विचारलं नाही.

चढ छान पार पडला. मागे त्यांची लेक पिटुकली तिच्या लहान मुलांच्या खुर्चीत बसून बाहुलीला झाडं दाखवत होती. शेजारी आजीचे ओठ नामस्मरणात नुसते हलत होते. माथा ओलांडला आणि रस्ता एकदम खाली वळला. सुनेने गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी हे तिच्या डोक्यात अगदी ठोकून बसवलं होतं: उतारावर गिअरला काम द्यायचं, ब्रेकवर सारखा पाय ठेवून त्याला तापवायचं नाही.

"अगं, चौथा टाक," नवरा म्हणाला. "इंजिन कशाला ओरडायला लावतेस? मागचा गाडीवाला हॉर्न मारून मारून थकला बिचारा."

"थकू दे."

"ब्रेक कशाला दिलाय गाडीला? शोभेला?"

आरशात मागची गाडी अगदी पाठीला चिकटलेली दिसत होती. सुनेने चौथा टाकला. मग काय, गाडी धावायला लागली आणि पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला. वळण आलं की दाब, सुटलं की जरा सैल, पुन्हा वळण, पुन्हा दाब. मागचा संधी साधून भुर्रकन पुढे निघून गेला.

थोड्या वेळाने काहीतरी जळाल्याचा वास आला.

"कुठल्या तरी ट्रकचा असेल," नवरा म्हणाला.

पुढे ट्रक नव्हता. मागेही नव्हता.

"आई, मला कसंतरी होतंय," पिटुकली म्हणाली.

"आई, गाडी लागली वाटतं तिला. पिशवी आहे बघा तुमच्या पायाशी," सून सासूबाईंना म्हणाली.

एक टिचकी. पिशवीची चुरचुर. सासूबाईंनी नातीला पुढे वाकवलं असावं, कारण खुर्ची करकरली. मग ती करकर मध्येच थांबली, आणि काचेवर दोन टिचक्या वाजल्या.

"काय नाही? उलटी नाही झाली?"

दोन टिचक्या. लगेच पुन्हा दोन. मग काच नुसती बडवल्यासारखी वाजायला लागली.

सुनेने आरशात पाहिलं. सासूबाईंनी बेल्टचं टोक हातात धरून वर केलं होतं. खुर्चीच्या बेल्टचं ते टोक बक्कलमध्ये असायला हवं होतं. लाल बटण न दाबताच ते नुसतं वाकल्याबरोबर बाहेर आलं होतं. म्हणजे घरून निघाल्यापासून ते आत खुपसलेलं होतं एवढंच. पोरगी सगळा डोंगर तशीच चढून आली होती.

"घाबरू नका आई. थांबते बाजूला," सून म्हणाली आणि तिने ब्रेक दाबला.

पाय खाली गेला. गेला तो जातच राहिला. चिखलात पाय रुतावा तसं पेडल अलगद जमिनीला टेकलं आणि गाडी होती त्याच वेगात पुढे निघाली.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच कुणा दुसरीचा वाटला. "ब्रेक लागत नाहीये."

"म्हणजे काय? दाब ना!"

"दाबलाय."

"नीट दाब!"

"दाबलाय हो! दाबलाय, पण लागत नाहीये!"

तिने पेडल भराभर मारून पाहिलं. क्षणभर काहीतरी अडल्यासारखं झालं, मग पुन्हा पोकळ. वळण आलं. तिने क्लच दाबून तिसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला आणि मागून पिटुकलीचा आवाज आला, "आई गं!" ती खुर्चीतून पुढे आली होती. सासूबाईंनी तिचा दंड पकडला नसता तर ती दोन सीटच्या मधून थेट पुढे आली असती.

तेव्हा सुनेला कळलं की आपण कशात सापडलोय. गाडी थांबवायची, तर प्रत्येक हिसक्याला पोर पुढे फेकली जाणार. हळू थांबवायची, तर उतार काही आपल्यासाठी थांबणार नाही.

"हँडब्रेक ओढ! जोरात ओढ!"

"जोरात ओढला तर ती पुढे येईल. तुम्ही गप्प बसा."

लग्न झाल्यापासून तिने त्याला गप्प बसा म्हटलं नव्हतं. तो गप्प बसला. मग बसल्या जागी वळून त्याने चांगला हात मागे घालायचा प्रयत्न केला. प्लॅस्टर सीटच्या पाठीवर आपटलं, तो कळवळला, पण पोरीच्या गुडघ्यापलीकडे हात काही पोचेना.

"आई, तिला घट्ट धरा. मी दुसरा टाकतेय."

तिने हँडब्रेकचं बटण दाबून धरलं, जरासा ओढला, सोडला, पुन्हा जरासा ओढला. झोपलेल्या बाळाच्या अंगावरून दुलई ओढावी तसा. वेग थोडा उतरला. दुसरा गिअर घुसला, आणि इंजिनाचा आवाज असा वाढला की डब्यात बसून कुणी डबा बडवतंय असं वाटावं. गाडीचा वेग आवरला होता, पण ती थांबत नव्हती. हँडब्रेकही आता ओढताना सैल वाटत होता, त्यालाही तोच जळका वास.

रस्ता उघडा झाला आणि खालचं वळण दिसलं. वळणापलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. लाल झेंडी धरलेला माणूस, आणि त्याच्या अलीकडे गाड्यांची थांबलेली रांग. शेवटी एक शाळेची बस.

आणि वळणाच्या अलीकडे पिवळी पाटी. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी डावीकडे वर चढणारा जाड वाळूचा रस्ता. शिकवणाऱ्या बाईंनी तोही दाखवला होता. म्हणाल्या होत्या, "वाळू गाडीला मिठी मारल्यासारखी पकडते, पण आतल्यांनी बेल्ट लावलेले हवेत हं."

"वाळूत घालते," सून म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली. मग मागे पाहिलं, आणि त्याची मान हलायची थांबली.

"आई, बेल्ट लागला का तिचा?"

दोन टिचक्या.

आरशात तिला तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. सासूबाईंनी स्वतःचा बेल्ट काढला होता, कारण तो लावून त्यांना वाकता येत नव्हतं. एक गुडघा सीटवर, खांदा नातीच्या छातीला टेकवलेला. टोक बक्कलमध्ये घालत होत्या, ते पुन्हा बाहेर येत होतं. मग त्यांचा हात स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. आकडा निघाला, केस सुटून तोंडावर आले. आकडा बक्कलच्या फटीत शिरला.

बिस्किट, सुनेला वाटलं. बिस्किटाचा चुरा. रोज शाळेतून येताना त्या खुर्चीत बसून एक बिस्किट. गाडी बाहेरून एवढी घासली, त्या फटीत कुणी डोकावलं नव्हतं.

पाटी मोठी होत चालली. वाळूच्या रस्त्याचं तोंड दिसायला लागलं.

"लागला का?"

टिचकी नाही.

"आई, लागला का?"

टिचकी कशी वाजणार, दोन्ही हात गुंतलेले. आणि बक्कलचा टक आवाज इंजिनाच्या या किंचाळण्यात ऐकू येणं शक्य नव्हतं. नवरा मागे वळून बघत होता, पण आईच्या पाठीआड त्यालाही काही दिसत नव्हतं. सुनेने स्टीअरिंगवरची मूठ आवळली. आता वळायचं की नाही ते आताच ठरायला हवं. न वळावं तर पुढे शाळेची बस. वळावं तर मागे मोकळी पोर.

"देवा," ती एवढंच म्हणाली.

"लागला!"

तो आवाज सकाळच्या वेळी त्या घरातल्या कुणीही कधी ऐकला नव्हता. घोगरा, मोठा, घशात अडकून बाहेर पडलेला.

"लागला गं! ओढून बघितला, लागला!"

"तुमचा? आई, तुमचा?"

"थांब... थांब... लागला माझाही! आता गाडी लाव बाई, लाव कुठेतरी!"

सुनेने स्टीअरिंग डावीकडे वळवलं.

वाळूने गाडी धरली. समोर पिवळी धूळ उठली, बॉनेट खाली दबलं, बेल्ट छातीत असा रुतला की श्वास बाहेरच राहिला. मागच्या काचेपाशी ठेवलेला चहाचा थर्मास दोघांच्या मधून सुटला आणि समोरच्या काचेवर धाडकन आदळला. इंजिन आचके देऊन बंद पडलं. नंतर चाकांवरून वाळू सरकत राहिल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग पिटुकली रडायला लागली. मोठ्याने, पूर्ण तोंड उघडून. सुनेला वाटलं, इतका गोड आवाज आपण आयुष्यात ऐकला नाही.

ती मागे वळली. पोर खुर्चीत होती. बेल्ट तिच्या खांद्यांवरून नीट खाली उतरून बक्कलमध्ये बसलेला होता. सासूबाईंच्या तोंडावर केस, हातात अजून आकडा, आणि त्याच्या टोकाला बिस्किटाचा कण.

"आजी बोलली," हुंदके देत पिटुकली म्हणाली. "आई, आजी सकाळी बोलली."

नवऱ्याने थर्मास उचलला. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला होता. त्याने तडा पाहिला, मग थर्मास जिथे ठेवला होता ती जागा पाहिली. पोरीच्या डोक्यामागची. थर्मास त्याने पायाशी ठेवला.

"ऑइल," तो म्हणाला. "मी तुला..."

"नंतर," सून म्हणाली. "आधी पोरीला खाली घेऊ."

पोरीला कडेवर घेऊन सून बाहेर आली. ती वाळूतच बसली. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुलगा समोर येऊन उभा राहिला.

"आई, तुझं मौन..."

सासूबाईंनी वर पाहिलं. सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, क्षणभर ओठ हलले. मग डोळे उघडून ओठांवर बोट ठेवलं. राहिलेली सकाळ त्यांनी परत धरली. तरी एक काम बाकी होतं. त्यांनी सूर्याकडे बोट दाखवलं, ते बोट हळूहळू माथ्यावर नेलं, तिथून मुलाकडे वळवलं आणि त्याचा कान पिळल्यासारखी चिमूट हवेत फिरवली.

"कळलं," मुलगा म्हणाला. "दुपारी."

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, ते मग थांबेना.

गाडी ओढून नेणारा ट्रक आला. पिटुकलीची खुर्ची काढून त्याच्या मोठ्या केबिनमध्ये मागच्या सीटवर बसवली. सासूबाईंनी आधी बक्कल फुंकलं, बोटाने चाचपलं, आणि मगच नातीला बसवलं.

"बेल्ट लावले का सगळ्यांनी?" ट्रकवाल्याने किल्ली फिरवत विचारलं.

"लावला," नवरा म्हणाला.

"लावून काय होतंय?" मागून पिटुकली म्हणाली. "लागायला लागतो."

ट्रकवाल्याला काही उमगलं नाही. त्याने आरशात पाहिलं. नवरा मान खाली घालून आपला बेल्ट चांगल्या हाताने ओढून बघत होता. सुनेने आपला ओढून पाहिला. मागे सासूबाईंनी स्वतःचा ओढला, मग नातीचा, मग नातीचा पुन्हा एकदा.

काचेवर एक टिचकी वाजली.

"चला," सून म्हणाली. "आणि दादा, उतारावर जरा खालच्याच गिअरमध्ये न्या."